काचेतले रान, पण रान न ओरबाडता



ठाण्याच्या मानपाड्याला पावसाळ्यात एकदा अवश्य जाऊन पाहा. घोडबंदर रस्त्यावर वाहनांची रांग, मेट्रोचे खांब आणि दोन्ही अंगांना उंच इमारती. परंतु डोंगराच्या दिशेने थोडे चालत गेले, की येऊरचे रान सुरू होते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग ठाणे जिल्ह्यात येतो. मे महिन्यात जो कातळ तव्यासारखा तापलेला असतो, त्यावर जुलैत हिरवी मखमल पसरते. ओढ्याच्या काठाला काळ्या, तारेसारख्या देठांचा हंसराज डोलू लागतो. हे सारे उचलून घरी न्यावे, असा मोह कोणालाही पडेल. तसा तो पडतोच, आणि आजचा लेख त्या मोहाविषयीच आहे.

प्रथम माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. दिवस ऑगस्टचे होते. माशांसाठी असते तशा एका काचपेटीत मुलांनी छोटेसे जंगल उभे केले होते. तळाला मॉसचा गालिचा, कोपऱ्यात हंसराजाची तीन रोपे, मध्ये एक दगड आणि दगडावर चक्क एक जिवंत बेडूक! काचेवर आतून दव जमलेले. मी हरखून गेलो आणि त्या पेटीला पहिला क्रमांक दिला.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर काही कामानिमित्त मी पुन्हा त्या शाळेत गेलो. पेटी प्रयोगशाळेतल्या कपाटावर होती. मॉस तपकिरी पडले होते, हंसराजाच्या जागी नुसत्या काड्या होत्या आणि सर्वांवर पांढरी बुरशी पसरली होती. बेडूक कोठे गेला, हे कोणालाच सांगता येईना. मुलांची मेहनत खरी होती. चुकलो होतो मी. ही रोपे कोठून आणली, ती येथे जगतील का आणि जगली नाहीत तर तुम्ही काय शिकाल, हे तीन प्रश्न मी विचारलेच नव्हते. पेटी सुंदर दिसली एवढ्यावरच मी तिला विज्ञान म्हटले.

माझे मत मी आरंभीच स्पष्ट सांगतो. काचपेटीतले रान प्रत्येक शाळेत असावे, कारण स्वस्तात इतके शिकवणारे साधन दुसरे क्वचितच सापडेल. मात्र त्यासाठी रानातले एकही रोप उपटू नये, पेटीत प्राणी कोंडू नये आणि रोपाची निवड त्याच्या रूपावरून न करता त्याच्या गरजेवरून करावी.

डॉक्टर वॉर्ड यांची बाटली

या पेटीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड हे लंडनमधील एक डॉक्टर होते. शहराच्या पूर्व भागातील धुरकट हवेत त्यांनी लावलेले नेचे मरून जात. १८२९ च्या सुमारास एका पतंगाच्या कोशातून पतंग बाहेर पडताना पाहावा, म्हणून त्यांनी तो कोश ओलसर मातीसह एका बाटलीत ठेवून वर झाकण लावले. काही दिवसांनी बाटलीत त्यांना काय दिसले? मातीतून एक नेचा आणि एक गवत आपोआप उगवले होते. बागेत जो नेचा जगत नव्हता, तो बंद बाटलीत सुखाने वाढत होता. पुढे जवळजवळ चार वर्षे ती दोन्ही रोपे पाणी न घालता जगली. अखेर झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि ती कुजली.

ही बाटली जगाला केवढी महागात आणि केवढी लाभात पडली पाहा. १८३३ मध्ये वॉर्ड यांनी अशा पेट्यांतून रोपे जहाजाने सिडनीला पाठविली आणि परतीच्या प्रवासात त्याच पेट्यांतून ऑस्ट्रेलियातील रोपे लंडनला जिवंत पोहोचली. मग रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८४८ ते १८५१ या काळात चीनमधील चहाची हजारो रोपे भारतात आणली ती याच पेट्यांतून. मलेरियावरील क्विनाइन देणारा सिंकोना नीलगिरीत आला आणि १८७६ मध्ये रबराची सुमारे दोन हजार रोपे लंडनच्या क्यू उद्यानातून श्रीलंकेला गेली, तीही याच पेट्यांतून.

पण या कथेला दुसरी बाजू आहे. काचपेट्या घरोघर आल्या आणि इंग्लंडमध्ये नेचे जमविण्याचे वेडच पसरले. चार्ल्स किंग्जली या लेखकाने १८५५ मध्ये त्या वेडाला ‘टेरिडोमॅनिया’, म्हणजे नेच्यांचे खूळ, असे नाव दिले. हौशी मंडळी टोपल्या घेऊन डोंगरदऱ्यांत जात आणि नेचे मुळासकट उपटून आणीत. किलार्नी नेचा आणि वूडसियासारख्या दुर्मीळ जाती त्या देशातून नामशेष होण्याच्या बेतास आल्या. विचार करा, ज्या बाटलीने हे सारे सुरू झाले, त्या बाटलीतला नेचा मात्र कोणी उपटून आणलेला नव्हता. तो आपणहून आला होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो आपल्या उपयोगी पडणार आहे.

आपले रान बारमाही ओले नाही

काचपेटीत शोभतील अशी झाडे म्हणजे ‘उष्णकटिबंधातील झाडे’ असे सर्रास सांगितले जाते. मग मुले म्हणतात, “येऊरही उष्णकटिबंधातच आहे की!” खरे आहे. परंतु उष्णकटिबंध म्हणजे सर्वत्र एकच हवामान नव्हे. ठाण्याला वर्षाकाठी सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. सिंगापूरचा एकूण पाऊसही आपल्याहून फार वेगळा नाही. फरक वाटणीत आहे. सिंगापुरात बाराही महिने पाऊस पडतो. आपल्याकडे जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने कोरडे जातात.

येऊरच्या वनस्पती या वेळापत्रकाशी जुळवून घेऊनच उत्क्रांत झाल्या आहेत. साग उन्हाळ्यापूर्वी पाने गाळतो. रानहळद पावसाळ्यात फुलते आणि मग जमिनीखाली कंदाच्या रूपाने झोपी जाते. हंसराजाची पाने पावसाळा सरला की वाळतात, पण मातीतले खोड जिवंत असते. बाशिंग हा झाडांच्या बुंध्यावर वाढणारा नेचा. त्याची तळाची पाने तपकिरी होऊनही गळत नाहीत, ती पालापाचोळा झेलून ठेवतात. कारवी तर आठ वर्षांचा हिशेब ठेवते आणि एकदाच फुलून मरते. राष्ट्रीय उद्यानात २०१६ साली असा बहर आला होता.

आता अशा वनस्पतीला काचपेटीत ठेवले, म्हणजे आपण तिच्यासाठी पावसाळा कधी संपूच देत नाही. जिला आठ महिने विश्रांती हवी, तिची मुळे आणि कंद सतत ओल्या मातीत राहतात आणि कुजतात. त्या शाळेतील हंसराज पाण्यावाचून मेला नव्हता. त्याला नोव्हेंबर मिळाला नाही म्हणून तो मेला.

म्हणून रानातले रोप न आणण्याचे पहिले कारण शास्त्रीय आहे: ते बहुधा जगणार नाही. दुसरे कारण कायद्याचे आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे राष्ट्रीय उद्यानातून परवानगीवाचून वनस्पती वा प्राणी बाहेर नेण्यास मनाई आहे. तिसरे कारण साध्या गणिताचे. एका शाळेने तीन रोपे नेली तर रानाला कळणार नाही. पण डोंगराच्या पायथ्याशी लाखोंची वस्ती आहे. प्रत्येकाने ‘फक्त तीन’ म्हटले, तर पायवाटेच्या दोन्ही बाजूंना काय उरेल?

बंद पेटीत काय घडते?

पेटीचे झाकण लावले की आत एक लहानशी पृथ्वी सुरू होते. मातीतील पाण्याची वाफ होते, पानांतून बाष्पोत्सर्जन होते, वाफ थंड काचेवर जमते आणि थेंब होऊन पुन्हा मातीत उतरते. जलचक्राची आकृती तुम्ही पुस्तकात काढली आहे. येथे ते चक्र तुमच्या बाकावर फिरते.

आता एक प्रयोग करा. घट्ट झाकणाची बरणी तयार झाली की तिचे वजन करा आणि दर आठवड्याला नोंद ठेवा. रोप वाढेल, नवी पाने येतील, पण वजन जवळजवळ तेवढेच राहील. मग रोप वाढले ते कशातून? पाणी आतच होते. कार्बन डायऑक्साइडही आतलाच. पालापाचोळा कुजताना सूक्ष्म जीव तो सोडतात आणि पाने प्रकाशाच्या साहाय्याने त्याचे अन्न बनवितात. बाहेरून आत येतो तो फक्त प्रकाश, आणि प्रकाश तराजूवर दिसत नाही. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम असा लोणच्याच्या बरणीत सिद्ध होताना पाहण्यात काही और मजा आहे.

कोणती रोपे घ्यावीत?

रोप निवडताना त्याला चार प्रश्न विचारा. सतत दमट हवा तुला चालते का? खिडकीतला मंद प्रकाश पुरतो का? वर्षभर विश्रांती न घेता वाढतोस का? आणि वर्षभराने तुझी उंची किती होईल?

या चारही प्रश्नांना बरी उत्तरे देणारी रोपे बाजारात स्वस्त मिळतात किंवा शेजाऱ्यांकडे फुकट. फिटोनिया पेरूच्या सदाहरित वनांच्या तळाशी वाढतो. बुटका, जमिनीलगत पसरणारा, पानांवर पांढऱ्या वा गुलाबी शिरांची जाळी असलेला. पाणी कमी पडले की तो पूर्ण मान टाकतो आणि वेळेवर दिले की काही तासांत उठतो. नवशिक्याला याहून चांगला शिक्षक नाही. दुसरे रोप बारीक पानांचा पायलिया. हे मूळचे अमेरिकेतील तण आपल्याकडे कुंड्यांत आणि मोरीच्या भेगांत आपसूक येते. ते हवे तेवढे उपटा, कोणाचे काही बिघडत नाही. मनी प्लांट पॅसिफिक महासागरातील मोरेआ बेटाचा. त्याचा एक पेर असलेला छाट पुरतो. मात्र तो सुसाट वाढतो, तेव्हा कात्री जवळ ठेवा. मॉस हवे असेल तर गच्चीच्या कट्ट्यावरचे किंवा इमारतीच्या आवारातले खरवडून घ्या. तसेही ते कोणीतरी ब्रशने घासून काढणारच असते.

आणि कोणती घेऊ नयेत? कोरफड, निवडुंग, तुळस, मोगरा, गुलाब. यांना ऊन आणि वाहती हवा लागते. काचपेटीत निवडुंग ठेवणे म्हणजे वाळवंटातल्या उंटाला खाडीत उभे करणे होय. रंगीत खड्यांबरोबर निवडुंगाच्या बंद बरण्या विकत मिळतात, त्या घेऊ नका.

प्राण्यांविषयी माझे मत कडक आहे. बेडूक, सरडा, गोगलगाय यांपैकी काहीही पेटीत घालू नये. बेडकाला रोज जिवंत किडे लागतात, फिरायला जागा लागते आणि शाळेला तर सुट्ट्या असतात. पालापाचोळ्याच्या खताबरोबर डोळ्यांना जेमतेम दिसणारे, उड्या मारणारे स्प्रिंगटेल नावाचे जीव आपोआप येतात. ते बुरशी खातात आणि पेटी स्वच्छ ठेवतात. भिंगातून त्यांच्याकडे पाहा. बेडकाची आठवणही होणार नाही.

माती, पाणी आणि प्रकाश

आपली काळी माती येथे चालत नाही. ओली झाली की ती चिकट होते आणि मुळांना हवा मिळत नाही. दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेले पालापाचोळ्याचे खत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण पुरे. रासायनिक खत घालू नका. कुंडीत जादा क्षार पाण्याबरोबर खालून निघून जातात. बंद पेटीत ते जाणार कोठे? त्याच कारणाने नळाच्या पाण्यापेक्षा साठविलेले पावसाचे पाणी बरे.

तळाशी खडीचा थर घातला म्हणजे कितीही पाणी घातले तरी चालते, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. बारीक मातीतील पाणी केशाकर्षणाने धरलेले असते. ते जाड खडीत सहजी उतरत नाही, उलट सीमेलगतची माती चिंब राहते. खडी चुकून पडलेले जादा पाणी साठवील, पण अति पाण्याला क्षमा करणार नाही.

पाणी किती, हे काचेलाच विचारा. सकाळी काचेच्या काही भागावर दव असावे आणि दुपारपर्यंत ते विरावे. दिवसभर काच निथळत असेल तर दोन-तीन तास झाकण उघडा. दव मुळीच दिसेनासे झाले आणि मातीचा रंग फिका पडला, तरच एक-दोन चमचे पाणी द्या. लक्षात ठेवा, काचपेट्या तहानेने क्वचित मरतात. त्या बहुधा प्रेमाने बुडतात.

प्रकाशाच्या बाबतीत आपले डोळे फसवे आहेत, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि खोली आपल्याला उजेडाची वाटते. म्हणून सावलीची कसोटी लावा. दुपारी पेटीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. पुसट कडांची सावली पडली तर प्रकाश पुरेसा आहे. सावलीच दिसली नाही तर जागा बदला. मात्र पेटी थेट उन्हात कधीही ठेवू नका. काचेतून शिरलेल्या उन्हाने आतली हवा तापते, ती हवा बाहेर जाऊ शकत नाही आणि तासाभरात पाने शिजतात.

एक सूचना आणखी. कंटाळा आला म्हणून पेटी ओढ्यात वा रानाच्या कडेला रिती करू नका. कल्याणजवळ उल्हास नदीवर पसरणारी जलपर्णी आणि रानोमाळ माजलेली घाणेरी या दोन्ही परदेशातून शोभेसाठीच आणल्या गेल्या होत्या. नको असलेली रोपे वाळवून मग खतात टाका.

नेचा हवाच असेल तर

“पण मग नेचा नाहीच का ठेवायचा?” असे तुम्ही विचाराल. ठेवा की! वॉर्ड यांच्या बाटलीत तो जसा आला, तसा येऊ द्या.

तुमच्या इमारतीच्या भिंतीवर वातानुकूलन यंत्राचे पाणी जेथे ठिबकते, तेथे पाहा. भर मे महिन्यातही तेथे बहुधा हिरवा पट्टा असतो आणि त्यात एखादा नेचा सापडतो. शिडीसारख्या लांब, अरुंद पर्णिकांचा टेरिस व्हिटाटा हा नेचा चुन्याच्या जुन्या भिंतींवर वाढतो. जमिनीतील आर्सेनिक तो पानांत साठवितो असे २००१ मध्ये आढळून आले. तेव्हा त्याला साधा समजू नका आणि हाताळल्यावर हात धुवा. त्याच्या पर्णिकांच्या कडेला खालून तपकिरी रेघ दिसली, की एकच पर्णिका कापा आणि दोन दिवस कागदाच्या घडीत ठेवा. कागदावर पडलेली बारीक भुकटी म्हणजे बीजाणू.

विटेच्या तुकड्यावर मोठ्या माणसाच्या मदतीने उकळते पाणी ओता, म्हणजे इतर जीव मरतील. वीट निवाली की तिच्यावर भुकटी शिंपडा, ती बरणीत थोड्या पावसाच्या पाण्यात उभी करा आणि झाकण लावा. काही आठवड्यांनी विटेवर हिरवी झाक येईल. आणखी काही आठवड्यांनी भिंगातून लहान लहान हिरवी हृदये दिसतील. हीच पुस्तकातली युग्मकोद्भिद अवस्था. यांच्यावर पाण्याचा हलका फवारा मारा, कारण नेच्याच्या पुंयुग्मकांना पोहत जावे लागते. मग एके दिवशी एका हृदयातून इवलेसे पान वर येईल. एका पर्णिकेतून अशी कितीतरी रोपे मिळतात आणि भिंतीवरचा नेचा जागच्या जागी राहतो.

शिक्षकांना विनंती

एक आक्षेप मला ठाऊक आहे. रान हातात घेतल्याखेरीज मुलांना त्याचे प्रेम कसे वाटणार, असे काही शिक्षक विचारतात. प्रश्न योग्य आहे. परंतु हातात घेण्यासाठी मुलांना रानात न्यावे, रान शाळेत आणू नये. जुलैत एकदा आणि फेब्रुवारीत एकदा, परवानगी असलेल्या वाटेने, तोच कातळ मुलांना दाखवा. जुलैतला हंसराज फेब्रुवारीत दिसत नाही, हे ज्याने पाहिले, त्याला ऋतूचा अर्थ कळला.

आणि परीक्षकांना, म्हणजे मलाही, एक विनंती. पेटी पाहण्यापूर्वी वही मागा. तीत रोपे कोठून आणली ते असावे, दर आठवड्याचे वजन असावे, काय मेले आणि का मेले असावे, हेही असावे. सहा महिने जगलेली साधी बरणी कालच सजविलेल्या जंगलापेक्षा मोठी, असे गुण देताना मानले पाहिजे. एक रोप मेले पण त्याचे कारण मुलांनी शोधले, तर त्याला मी आज पूर्ण गुण देईन.

त्या शाळेतल्या मुलांना मी पहिला क्रमांक दिला होता, तो आता परत घेता येत नाही. परंतु त्यांच्यापैकी कोणी हा लेख वाचत असेल, तर त्यांना सांगतो: तुमची कल्पना चांगली होती. एक रिकामी बरणी घ्या, एक वीट शोधा आणि आवारातल्या भिंतीकडे पाहा. तुमचे रान तेथे केव्हाचे वाट पाहत आहे.